पोपचे आशीर्वादपत्र : निवृत्त शिक्षिकेच्या गौरवाला कितपत पुरे?

कॅथलिक मुलींच्या शाळेत अनेक दशके शिकवलेल्या शिक्षिका निवृत्त होऊ लागल्या की व्यवस्थापन आणि माजी विद्यार्थिनी यांच्या बैठकीत एक सूचना हमखास पुढे येते, ती म्हणजे थेट रोमहून पोपचे आशीर्वादपत्र मागवण्याची. घड्याळ, ढाल किंवा नाव कोरलेली तबकडी यांच्या तुलनेत ही भेट भारदस्त वाटते, शाळेच्या धार्मिक ओळखीशी ती जुळते आणि समारंभात तिचे नाव उच्चारले की सभागृहात टाळ्याही मनापासून पडतात. हे आशीर्वादपत्र मिळवण्याची व्यवस्था कशी आहे, हाती येते ते नेमके काय असते आणि दीर्घ सेवेचा गौरव म्हणून ते कितपत पुरे पडते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. प्रार्थना म्हणून ते उत्तम आहे. गौरव म्हणून मात्र ते एकटे पुरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी व्यवस्थेविषयी. पोपच्या वतीने दानधर्म पाहणारे व्हॅटिकनमधील कार्यालय, म्हणजे एलेमोसिनेरिया अपोस्तोलिका, ही पत्रे देते. पोप तेरावे लिओ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कार्यालयाच्या प्रमुखांना चर्मपत्रावरून आशीर्वाद देण्याचा अधिकार बहाल केला आणि तेव्हापासून ही प्रथा चालत आली आहे. पुढे बराच काळ रोममधील धार्मिक वस्तूंच्या दुकानांनाही ही पत्रे तयार करून विकण्याची परवानगी होती. २०१५ च्या आरंभापासून ती बंद झाली आणि आता मागणी थेट त्या कार्यालयाकडेच नोंदवावी लागते. २०२२ मधील रोमन कुरियाच्या, म्हणजे पोपच्या मध्यवर्ती प्रशासनाच्या, पुनर्रचनेत या कार्यालयाला स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला. पत्रापोटी भरलेली रक्कम गरिबांच्या मदतीसाठी वापरली जाते, आणि ही बाब मला या सेवेच्या सर्वांत जमेच्या बाजूंपैकी एक वाटते, कारण आयुष्यभर मुलींना परोपकार शिकवलेल्या शिक्षिकेच्या नावाने खर्च झालेला पैसा एखाद्या गरजूपर्यंत पोहोचतो. कोणी मध्यस्थ ‘अधिकृत’ पत्र लवकर मिळवून देण्याचे आश्वासन देत असेल, तर त्याच्या वाटेला न जाणेच श्रेयस्कर.

अर्ज करताना पहिली अडचण येते ती प्रसंगाची. बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा दृढ करणारा संस्कार), विवाह, धर्मगुरुपदाची दीक्षा, व्रतस्थ जीवनाचा स्वीकार आणि त्यांचे ठरावीक वर्धापनदिन अशा प्रसंगांसाठी ही पत्रे प्रामुख्याने आहेत. नोकरीतून निवृत्त होणे हा काही संस्कार नव्हे, त्यामुळे शिक्षिकेसाठीची मागणी ‘व्यक्तीसाठी आशीर्वाद’ या सर्वसाधारण सदरात करावी लागते आणि तिच्यासोबत धर्मगुरूंची संमती जोडावी लागते. ही अट जाचक मुळीच नाही. उलट, तिच्या निमित्ताने शाळेबाहेरच्या धर्मग्रामालाही, म्हणजे स्थानिक चर्चच्या भाविकांनाही, कळते की आपल्यातील एक बाई इतकी वर्षे काय करीत होत्या. मात्र समारंभाची तारीख पक्की झाल्यावर अर्जाला बसणाऱ्या मंडळींनी संमतीपत्र आणि टपालाचा प्रवास या दोन्हींचा हिशेब आधीच करावा.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे येऊ. जाड, चर्मपत्रासारख्या कागदावर शोभिवंत चौकट, विद्यमान पोपचे चित्र, सुलेखनाच्या वळणाचा मजकूर, खाली कार्यालय-प्रमुखांची सही आणि कार्यालयाचा शिक्का असे त्याचे सर्वसाधारण रूप असते. दृश्य म्हणून ते देखणे आहे यात वाद नाही. १९९० च्या सुमारास रुजू झालेल्या शिक्षिकेने दुसरे जॉन पॉल, सोळावे बेनेडिक्ट, फ्रान्सिस आणि २०२५ पासून चौदावे लिओ अशा चार पोपांच्या कारकिर्दीत फळ्यापुढे उभे राहून काम केलेले असते, आणि शेवटच्या वर्षी हाती येणाऱ्या पत्रावर त्यांतील एकाचेच चित्र असते, ही गोष्ट मला जराशी गमतीची वाटते.

मजकुराच्या बाबतीत अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. तो काही मोजक्या युरोपीय भाषांतच मिळतो आणि त्याचा साचा ठरलेला असतो: पोप अमुक व्यक्तीला आशीर्वाद देतात आणि तिच्यासाठी ईश्वरी कृपेची याचना करतात. भूमिती शिकवताना मागच्या बाकावरची मुलगी फळ्याकडे का पाहत नाही हे ओळखून तिच्या डोळ्यांची तपासणी करवणाऱ्या बाई, दहावीची परीक्षा बुडू नये म्हणून विद्यार्थिनीच्या घरी जाऊन पालकांशी बोलणाऱ्या बाई, किंवा शाळेच्या गायनवृंदाला सूर धरायला शिकवता शिकवता भित्र्या मुलींना लोकांपुढे उभे राहायला शिकवणाऱ्या बाई, यांपैकी कोणाचेच काम त्या पत्रात दिसत नाही आणि दिसणे अपेक्षितही नाही. हा त्या कार्यालयाचा दोष नव्हे. आशीर्वाद हा कर्तृत्वाचा दाखला नसतो. तो मागणाऱ्याला मिळतो, आणि यातच त्याचे धार्मिक मोल आहे. चूक होते ती त्याला पुरस्काराच्या जागी बसवणाऱ्या आयोजकांकडून. सूत्रसंचालिकेने ‘पोपनी आपल्या बाईंच्या सेवेची दखल घेतली’ असे जाहीर केले की ऐकायला गोड वाटते, परंतु ते खरे नसते, आणि मुलींना तीस वर्षे खरे बोलायला शिकवलेल्या शिक्षिकेच्या समारंभात तरी ते म्हटले जाऊ नये.

सेवेची दखल घेणारे पोपचे सन्मान निराळे आहेत. ‘प्रो एक्लेसिया एत पोंतिफिचे’ हा क्रॉस तेराव्या लिओंनी १८८८ मध्ये, आपल्या धर्मगुरुपदाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी सुरू केला. ‘बेनेमेरेंती’ हे पदक त्याहून जुने आहे. दोन्ही सामान्य प्रापंचिक व्यक्तींना मिळू शकतात, परंतु त्यासाठी धर्मप्रांताच्या बिशपांची शिफारस लागते आणि सेवा निव्वळ शाळेपुरती न राहता चर्चच्या कार्यात ठळक असावी अशी अपेक्षा असते. एखाद्या शिक्षिकेने शाळेबरोबरच धर्मशिक्षणाचे वर्ग, प्रौढ साक्षरता किंवा धर्मप्रांताचे शैक्षणिक काम दीर्घकाळ सांभाळले असेल, तर व्यवस्थापनाने हा मार्ग जरूर तपासावा; बाकीच्यांसाठी तो आग्रहाने धरण्यात अर्थ नाही.

यानंतरचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आशीर्वादपत्र कॅथलिक व्यक्तींसाठी असते, आणि कॅथलिक मुलींच्या शाळांतील शिक्षकवर्ग सर्वस्वी कॅथलिक असतोच असे नाही. एकाच वर्षी तीन शिक्षिका निवृत्त होत असतील आणि त्यांपैकी दोघींच्या हाती रोमहून आलेली चौकट व तिसरीच्या हाती बाजारातली ढाल पडली, तर त्या तिसरीची सेवा कमी प्रतीची होती असा अर्थ पाहणाऱ्या मुली सहज काढतील, आणि त्यांना तसा दोष देता येणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावर जो जाहीरनामा प्रसिद्ध केला, त्यात कॅथलिक शाळा आपले ध्येय गाठू शकेल की नाही हे प्रामुख्याने शिक्षकांवर अवलंबून असल्याचे म्हटले आहे. ज्या वर्गात ते ध्येय गाठले गेले, त्या वर्गात उभ्या असलेल्या शिक्षिकेचा धर्म वेगळा होता म्हणून व्यासपीठावर तिला कमी काही मिळावे, हे मला पटत नाही. अशा वर्षी आशीर्वादपत्रे समारंभात मुळीच देऊ नयेत. मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेनंतर, धर्मगुरूंनी संबंधित शिक्षिकेला ती स्वतंत्रपणे द्यावीत.

व्रतस्थ भगिनींचे (नन) निराळे आहे. त्यांनी दारिद्र्याचे व्रत घेतलेले असते, त्यामुळे दिलेली कोणतीही मौल्यवान वस्तू त्यांची स्वतःची होत नाही. त्यांच्यासाठी आशीर्वादपत्र शोभते, आणि ते शाळेतील निवृत्तीऐवजी व्रतांच्या रौप्य किंवा सुवर्णमहोत्सवाशी जोडल्यास अर्जही ठरलेल्या सदरात बसतो.

मग व्यासपीठावर सर्वांना समान असे काय द्यावे? माजी विद्यार्थिनींच्या हस्तलिखित पत्रांचा बांधीव संग्रह हा मला आजवर पाहिलेल्या भेटींतील सर्वांत भक्कम पर्याय वाटतो. त्याच जाहीरनाम्यात शिक्षकांनी शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांनाही सल्ला आणि मैत्री देत राहावे, असे सुचवले आहे. हा संग्रह म्हणजे त्या मैत्रीची दुसऱ्या बाजूने आलेली पोचपावती होय. येथे पथ्य एकच, पण कडक आहे: ‘आपण आदर्श होतात’ अशी पत्रे परत पाठवून प्रत्येकीकडून एक तरी घडलेला प्रसंग, वर्ग आणि वर्ष यांसह लिहून घ्यावा. संग्रहाची बांधणी शिवलेली असावी, कारण चिकटवलेल्या बांधणीची पाने वारंवार उघडून सुटू लागतात, आणि हे पुस्तक वारंवार उघडले जावे हाच तर हेतू असतो. शाई पाण्याने न पसरणारी घ्यावी. संपादनाचे काम व्यवस्थापनाकडे देऊ नये, नाहीतर निम्मी पाने मुख्याध्यापिकांच्या मनोगतात जातात.

सारांशाने गुण द्यायचे झाले तर आशीर्वादपत्राच्या सेवेला मी पारदर्शकता आणि हेतू यांसाठी पूर्ण गुण देईन, देखणेपणासाठी भरपूर देईन, आणि शिक्षिकेच्या कामाविषयी काही सांगण्याच्या बाबतीत शून्य देईन. ते मागवायचे ठरल्यास बाईंचे नाव बाप्तिस्म्याच्या नोंदीत जसे आहे तसे रोमन लिपीत त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे, कारण शाळेच्या हजेरीपटावरील स्पेलिंग आणि चर्चच्या नोंदीतील स्पेलिंग अनेकदा जुळत नाही आणि सुलेखनात उतरलेली चूक खोडता येत नाही. भेट गुप्त ठेवण्याच्या उत्साहात हे विचारणे टाळणाऱ्या समित्यांनी चौकटीवरचे सोनेरी काम निवडण्यात घालवलेला वेळ त्या एका नावासाठी द्यावा.