नंबर तोच, सेक्स्टंट दुसराच

जुना सेक्स्टंट, म्हणजे क्षितिजापासून सूर्य-ताऱ्यांची उंची कोनात मोजून बोटीची जागा काढायचं यंत्र, विकत घेणार असाल, त्यातही कधीकाळी हातातून गेलेला स्वतःचाच सेक्स्टंट शोधत असाल, तर एक करा. त्याचा नंबर विक्रेत्याला आधी सांगू नका, त्यालाच विचारा. आमच्या कॅप्टनसाहेबांना ज्याने गंडवलं त्याला फार डोकं चालवावं लागलं नाही. साहेबांनी पत्रात लिहिलेली माहिती त्याने पितळेवर कोरली आणि साहेबांनाच विकली.

साहेब म्हणजे मी थर्ड मेट, म्हणजे बोटीवरचा कनिष्ठ अधिकारी, असताना ज्यांच्या हाताखाली शिकलो ते. १९६० च्या दशकात ते कॅडेट म्हणून बोटीवर लागले. सेकंड मेटचं तिकीट, म्हणजे अधिकारीपदाचं पात्रता प्रमाणपत्र, हातात पडल्यावर त्यांनी पहिली मोठी खरेदी केली ती सेक्स्टंटची, तीही सेकंडहँड. लंडनच्या हेन्री ह्यूज अँड सनचा, ‘हुसन’ छापाचा, काळ्या फ्रेममध्ये तीन वर्तुळं असलेला. पुढे किनाऱ्यावर आल्यावर घरच्या अडचणीत तो विकावा लागला. त्याविषयी ते कधी बोलत नसत, पण निवृत्त मंडळी जमली आणि कुणी आपल्या सेक्स्टंटची पेटी उघडली की साहेब उठून पाणी प्यायला जात.

ज्याने बोटीवर नोकरी केली नाही त्याला वाटेल, एका यंत्रासाठी एवढा जीव कशाला टाकायचा? दुपारची साईट, म्हणजे सूर्याची उंची मोजायची वेळ, आठवून सांगतो. बोट जिथून चालवतात त्या ब्रिजच्या बाहेरच्या कडेला, विंगवर, सगळे मेट आपापला सेक्स्टंट घेऊन उभे. सूर्य चढत असतो, मग त्याचं चढणं मंदावतं, क्षितिजाला टेकवलेलं त्याचं बिंब जागच्या जागी थबकल्यासारखं वाटतं. बोटाने ड्रम, म्हणजे कोन बारीक जुळवायचं चाक, केसभर फिरवायचा आणि श्वास रोखायचा. बिंब खाली बुडायला लागलं की झालं, वाचन घ्या. मग चार्टरूममध्ये प्रत्येकाचं अक्षांश टेबलावर. कोनाचं एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. तुमचं दोन मिनिटं चुकलं तर बोट दोन मैल भलतीकडे, आणि ते सगळ्यांसमोर. आपल्या सेक्स्टंटची इंडेक्स एरर, म्हणजे शून्याची ठरलेली चूक, किती, ‘ऑन द आर्क’ की ‘ऑफ द आर्क’, म्हणजे शून्याच्या कोणत्या बाजूला, हे मालकाला झोपेतही सांगता यायचं. दुसऱ्याच्या सेक्स्टंटला कुणी हात लावत नसे. उचलायचा तो फ्रेमला धरून, इंडेक्स आर्मला, म्हणजे खालच्या अंश कोरलेल्या कमानीवर सरकणाऱ्या दांडीला, धरून उचलणारा कॅडेट शिव्या खायचा. १९९५ मध्ये जीपीएस पूर्णपणे कार्यान्वित झालं आणि पेट्या हळूहळू बंद होत गेल्या. एसटीसीडब्ल्यू या जहाजावरच्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमांत अधिकाऱ्यांना आकाशातल्या ग्रहताऱ्यांवरून जहाजाची जागा काढता यावी ही अट अजून आहे, पण रोजची सवय गेली ती गेलीच. बोट कुठे आहे हे ज्याने स्वतःच्या डोळ्याने काढून सांगितलं, त्या माणसाकडे त्याचा पुरावा म्हणून एवढीच एक वस्तू उरते.

हे फसवणाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

साहेबांनी जुन्या नौकासाधनांच्या काही विक्रेत्यांना पत्रं लिहिली. कंपनी, फ्रेमचा प्रकार, नंबर आणि ‘पेटीच्या झाकणात माझी आद्याक्षरं आहेत’ एवढा तपशील त्यांत दिला. बहुतेकांनी नाही म्हणून कळवलं, काहींनी उत्तरच दिलं नाही. एकाचं उत्तर मात्र आलं: असा एक नग एका निवर्तलेल्या अधिकाऱ्याच्या सामानात पाहिल्यासारखा वाटतो, खात्री करून सांगतो. लगेच ‘सापडला’ म्हणाला असता तर साहेबांनाही शंका आली असती. त्याने मुद्दाम वेळ घेतला, मध्ये एकदा ‘बहुधा तो नाही’ असंही लिहिलं. मग फोटो आले. नंबर स्पष्ट, आद्याक्षरं स्पष्ट. कमानीवरचे आकडे मात्र धूसर. आरशांचा जवळून फोटो मागितला तर ‘सध्या वस्तू बंदिस्त आहे’. त्यातच दुसरं गिऱ्हाईक टपून असल्याची बातमी. ही असल्या व्यवहारातली नेहमीची तुतारी, ती वाजली की पैसे आगाऊ गेलेच.

वस्तू आली त्या संध्याकाळी साहेबांचा फोन आला, “तू ये. आणि येताना भिंग आण.”

मी पोहोचलो तेव्हा वहिनी दार उघडून काही न बोलता आत गेल्या. पेटी टेबलावर उघडी होती. सेक्स्टंट खराच होता, हे आधी सांगायला हवं, शोभेचा नव्हता. जुना हुसन, तीन वर्तुळांचा, पण भलत्याच कुणाचा. भिंगाखाली नंबर पाहिला तर प्रत्येक रेघ आतून पिवळीधमक. जुन्या कोरीव आकड्यांच्या खाचा वर्षानुवर्षांच्या मळाने आणि रंगाने काळवंडलेल्या असतात, कमानीवरचे बाकीचे आकडे तसेच होते. दिवा तिरका धरला तर नंबराच्या जागी पितळ किंचित खोलगट दिसलं. जुना नंबर घासून काढलेला होता, नख फिरवलं तर कड लागत होती. आद्याक्षरं झाकणाच्या मधोमध, सुबक. साहेब म्हणाले, “माझी बिजागरीशेजारच्या कोपऱ्यात होती. डिव्हायडरच्या टोकाने ओरखडली होती मी, आणि एक अक्षर उलटं झालं होतं.” हे त्यांनी पत्रात लिहिलं नव्हतं, म्हणून विक्रेत्याला ते करता आलं नाही.

झाकणात चिकटवलेलं तपासणीचं प्रमाणपत्र तर नमुनाच होता. तारीख १९३८ ची आणि वर नाव ‘केल्विन अँड ह्यूज’. हेन्री ह्यूज अँड सन आणि केल्विन, बॉटमली अँड बेअर्ड या दोन कंपन्या एकत्र येऊन त्या नावाची कंपनी झाली १९४७ मध्ये. जन्माआधी नऊ वर्षं सही करणारी कंपनी! शिवाय कागदाचा तपकिरी रंग एकसारखा. खऱ्या जुन्या कागदाच्या कडा जास्त काळवंडतात आणि झाकलेला भाग फिका राहतो. हा कागद अख्खाच्या अख्खा चहात बुडवल्यासारखा होता.

जाता जाता सांगतो, त्याच नावाखाली ‘१९१७’ कोरलेले चकचकीत पितळी सेक्स्टंट भेटवस्तू म्हणून सर्रास विकले जातात. शोभेची वस्तू म्हणून घेतलात तर तक्रार नाही. पण कुणी तो पहिल्या महायुद्धातल्या बोटीवरचा म्हणून गळ्यात मारत असेल तर १९४७ हीच तारीख पुढे करा. तसंच १८५० सालचा म्हणून मायक्रोमीटर ड्रमवाला सेक्स्टंट दाखवला तर पेटी बंद करून परत द्या, त्या काळी ड्रमऐवजी व्हर्नियर, म्हणजे बारीक भाग मोजायची सरकती पट्टी, भिंगातून वाचायची. असे विक्रेते जॉन हॅडलीने १७३१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे ठेवलेल्या ऑक्टंटपासून, म्हणजे सेक्स्टंटच्या पूर्वजापासून, सुरुवात करून तासभर इतिहास ऐकवतात. इतिहास अगदी खरा असतो, म्हणूनच वस्तूही खरी वाटते.

वस्तू हातात मिळत असेल तर पैसे देण्याआधी आर्म साधारण पस्तीस अंशांवर ठेवा आणि त्यावरच्या इंडेक्स आरशात तिरकं पाहा. आरशातली कमान आणि बाहेरची कमान एका रेषेत सलग दिसली पाहिजे. मोडलेली दिसली तर आरसा काटकोनात नाही. तो बारीक स्क्रूने जुळवता येतो, पण आरशामागे तसे स्क्रूच नसतील तर ते यंत्र वापरासाठी बनलेलंच नाही. मग शून्यावर आणून दूरच्या क्षितिजाकडे पाहा. ड्रम एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने फिरवून क्षितिज जुळवा. दोन्ही वाचनांत मोठा फरक येत असेल तर स्क्रूचे दाते झिजलेत. साहेबांकडे आलेल्या नगात तो फरक इतका होता, की ते हसले. त्या संध्याकाळी तेवढंच.

परत करायला गेलो तर विक्रेत्याने बिलाकडे बोट दाखवलं. बिलात कंपनीचं नाव नाही, नंबर नाही, फक्त ‘नौकाविषयक सजावटीची वस्तू’. पत्रव्यवहारातले सगळे दावे बिलात गायब. म्हणून बिलावर निर्मात्याचं नाव, नंबर, चालू स्थितीत आहे की नाही आणि नापसंत पडल्यास परतीची मुदत हे लिहून घेतल्याशिवाय रक्कम सोडू नका. त्याला प्रमाणपत्राच्या तारखेबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, ते आधीच्या मालकाने चिकटवलं असेल. कोणत्या आधीच्या मालकाने, हे साहेबांनी विचारलं. कारण त्याच्याच म्हणण्याप्रमाणे आधीच्या मालकांपैकी एक ते स्वतःच होते. त्यानंतर उत्तरं बंद झाली.

तक्रार दिली आहे. बँकेने सर्वांत आधी मागितली ती पत्रं, मूळ फोटो आणि पार्सलचं वेष्टन पत्त्याच्या चिठ्ठीसह. वहिनींनी वेष्टन टाकून दिलं नव्हतं म्हणून निभावलं. घासलेल्या नंबराचे तिरक्या उजेडातले फोटो आम्ही जोडले आहेत. सेक्स्टंट कुणालाही दुरुस्तीला दिलेला नाही आणि पॉलिशही केलेला नाही. एकदा पितळ चकचकीत केलं की जुनी खाच कोणती आणि नवी कोणती हे कुणालाच दाखवता येणार नाही. दरम्यान आमच्याच बॅचच्या एका चीफ ऑफिसरलाही त्याच विक्रेत्याचं उत्तर आलं आहे. असा एक नग पाहिल्यासारखा वाटतो, खात्री करून सांगतो.