मुळाच्या नावाखाली पाला: अश्वगंधेच्या कॅप्सूलबाबत आलेला अनुभव

मानसिक ताण आणि त्यामुळे उडालेली झोप यांवर उपाय म्हणून मी ऑनलाइन मागवलेल्या अश्वगंधेच्या डबीवर ‘शुद्ध मूळ चूर्ण’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते आणि त्याखाली विथॅनोलाइड या क्रियाशील घटकांचे प्रमाण इतर उत्पादनांपेक्षा जास्त असल्याचा दावा होता. ते चूर्ण मुळाचे नव्हते. ताणासाठी वनौषधी घेणाऱ्या प्रत्येकाला ही लबाडी कशी चालते हे कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिला संशय रंगावरून आला. अश्वगंधेच्या मुळाचे चूर्ण फिकट, पिवळसर-तपकिरी असते. मी कॅप्सूल उघडून पांढऱ्या कागदावर पसरलेले चूर्ण मात्र स्पष्ट हिरवट होते. नैसर्गिक वस्तूचा रंग हंगामानुसार बदलतो, असे विक्रेत्याने कळवले. माझ्या परिचयातील वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापिकांनी तेच चूर्ण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा मुळात भरपूर असायला हवेत ते पिष्टकण (स्टार्चचे कण) तुरळक निघाले आणि पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, व फाटे फुटलेले सूक्ष्म केस जागोजागी दिसले. पर्णरंध्रे मुळाला नसतात, त्यामुळे पाला मिसळला आहे याबद्दल शंका उरली नाही.

असे का करतात, हे समजून घेणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मूळ मिळवायचे तर अख्खे झाड उपटावे लागते. पाला मुबलक आणि स्वस्त असतो. शिवाय पानांत विथाफेरिन-ए हा घटक मुळापेक्षा बराच जास्त असतो आणि तो विथॅनोलाइडच्या गटातच मोडतो. म्हणजे पाला घातला की एकूण विथॅनोलाइडचा आकडा वाढतो आणि भेसळच जास्त गुणकारी म्हणून मिरवता येते. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना अश्वगंधेची पाने न वापरण्याविषयी सूचना दिली होती, कारण परंपरेचा आणि ग्रंथांचा आधार आहे तो मुख्यतः मुळाला.

मी तपासणी अहवाल मागितला, तेव्हा मिळालेल्या कागदावरचा बॅच क्रमांक डबीवरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता आणि वनस्पतीचा कोणता भाग तपासला याचा उल्लेखच नव्हता. पैसे परत मागितल्यावर उत्तरे येणे बंद झाले. अश्वगंधेवर माझा राग नाही. राग आहे तो आजारी माणसाच्या अगतिकतेवर धंदा करणाऱ्यांवर.

ताणासाठीच घेतल्या जाणाऱ्या ऱ्होडिओला या वनौषधीच्या बाबतीतही एका जातीच्या जागी दुसरी जात विकली जाते. तिथे अस्सल जातीची खूण असलेल्या रोझाविन या घटकाची नोंद अहवालात आहे का, हे पाहावे. अश्वगंधा घेताना ‘मूळ’ हा शब्द, उत्पादन परवाना क्रमांक आणि त्याच बॅचचा अहवाल या तिन्ही गोष्टी मिळाल्याशिवाय डबी उघडू नये. खरी अश्वगंधासुद्धा गर्भवतींनी टाळावी, आणि थायरॉइडची किंवा झोपेची औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. यकृताला इजा झाल्याची काही प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत, त्यामुळे डोळे पिवळे दिसू लागले किंवा लघवी गडद झाली तर कॅप्सूल तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे आणि जाताना डबी सोबत न्यावी.