आकांडतांडव: एकटं बसवावं की जवळ घ्यावं?

धाकट्याला चावून वर स्वतःच भोकाड पसरणाऱ्या मुलाचं करायचं काय, यावर घरोघरी दोन मतं असतात: थोडा वेळ एकटं बसवा, नाहीतर जवळ घ्या.

एकटं बसवायचं तर वयाच्या वर्षाला एक मिनिट. 2 वर्षांखाली नकोच. का बसवलं, ते एका वाक्यात, लगेच सांगा. बिघडतं कुठे? बसवल्यावरही आपलं बोलणं चालूच राहतं, म्हणजे हवं ते लक्ष त्याला मिळतंच. अंधारी खोली कधीच नाही.

जवळ घेण्यात आपला कस लागतो. गुडघ्यांवर बसा, उगारलेला हात हलकेच धरा, ‘ठोकळ्यांचा मनोरा पडला, राग आला ना?’ एवढंच म्हणा. समजावणं हुंदके थांबल्यावर. गप्प करायला चॉकलेट दिलंत, तर उद्या रडणं वाढतं.

भुकेनं, झोपेनं, भीतीनं रडणाऱ्याला जवळच घ्या. नियम कळत असून मुद्दाम मारणाऱ्या 4-5 वर्षांच्या मुलाला एकटं बसवणं चालतं. वेळ संपताच मात्र कुशीत घ्या.