थंडरबोल्ट, तीन अँटेना आणि एक जळालेली टिकली : नऊ महिन्यांचा अनुभव

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू थंडरबोल्ट या जीपीएस रिसीव्हरचा (जीपीएसवरून अचूक वेळ आणि १० मेगाहर्ट्झ देणारा डबा) कमी आणि त्याच्या अँटेनाचा जास्त आहे. कारण नऊ महिन्यांत रिसीव्हरने मला काही त्रास दिला नाही, जो काही त्रास झाला तो डोक्यावरच्या त्या पांढऱ्या शंकूने आणि त्याहून जास्त माझ्या आगाऊपणाने.

झालं असं की मला आमच्या गच्चीवरून क्यूओ-१०० ऐकायचा होता. एसहेल-२ या उपग्रहावरचा हौशी रेडिओवाल्यांचा ट्रान्सपाँडर (खालून आलेला सिग्नल परत खाली पाठवणारा), २५.९ अंश पूर्वेला उभा, इंदूरहून बघाल तर पश्चिमेला जरा दक्षिणेकडे झुकून, क्षितिजापासून २९ अंशांच्या आसपास. सिग्नल येतो १०४८९ मेगाहर्ट्झच्या पुढे, साध्या डिशच्या एलएनबीने (डिशसमोरचा, सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीला उतरवणारा भाग) पकडता येतो. पण त्या एलएनबीत २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो आणि तो ३९० ने गुणून ९७५० होतो, म्हणजे क्रिस्टल दहा लाखात एक भाग जरी हलला तरी इकडे स्टेशन पावणेदहा किलोहर्ट्झ सरकतं. मे महिन्यात आमच्या गच्चीवर एलएनबी किती तापतो ते इंदूरवाल्यांना सांगायला नको, बोलणारा माणूस वाक्य संपेपर्यंत डायलवर जागेवर राहत नाही. तेव्हा ठरवलं की जीपीएसला बांधलेला १० मेगाहर्ट्झ घरात आणायचा आणि त्यावरून २५ बनवायचा.

दिवाळीनंतर भंगारवाल्याकडून दोन डबे घेतले. एक ट्रिंबल थंडरबोल्ट, दुसरा एकोणीस इंची रॅकमधला जुना टाइम रिसीव्हर, त्याचं नाव घेत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्याची काही चूक नव्हती. असले डबे सीडीएमएच्या (जुन्या मोबाईल सेवेच्या) टॉवरवर असायचे, त्या बेस स्टेशनला वेळ जीपीएसवरूनच घ्यावी लागायची. ती सेवा बंद पडली आणि माल भंगारात आला. अँटेना मात्र टॉवरवरच राहिल्या, किंवा कोणीतरी केबल कापून नेली, देव जाणे. म्हणजे डबा हातात, पण त्याची जोडीदार नाही.

आणि सगळी गंमत इथेच आहे. आपण अँटेना घेताना गेन (सिग्नल किती वाढवते ते) बघतो, २८ डीबी, ४० डीबी, जास्त आकडा म्हणजे चांगलं. खरं बघायचं असतं ते हे की डबा केबलवरून वर काय पाठवतो आणि खाली काय मागतो. अँटेनाच्या पोटात अँप्लिफायर असतो, त्याला वीज त्याच कोॲक्समधून जाते. थंडरबोल्ट ५ व्होल्ट पाठवतो. दुसऱ्या डब्यावर मागे फक्त अँटेना एवढंच लिहिलेलं, एन सॉकेट, बाकी काही नाही. मी म्हटलं ५ च असणार, आणि गाडीच्या नेव्हिगेशनची मॅग्नेटवाली टिकली (चपटी छोटी अँटेना) लावून दिली. हिरवा दिवा लागला, मी खूश, चहा घ्यायला आत गेलो, परत येतो तर लाल. टिकली हातात घेतली तर चांगलीच गरम. मग मीटर लावला, सॉकेटवर १२ व्होल्ट! टिकलीच्या खाली लेबलवर ३ ते ५ व्होल्ट असं छापलेलं होतं, पण ते मॅग्नेटच्या बाजूला आणि मी ते उलटं करून बघितलंच नव्हतं. दोन मिनिटांचं काम होतं. असो.

तिसरा प्रकारही असतो, तो माहीत नसेल तर महिने वाया जातात. काही जुने रिसीव्हर जीपीएसचा १५७५.४२ मेगाहर्ट्झचा सिग्नल (एल-१) थेट घेतच नाहीत. माइनबर्गच्या जीपीएस घड्याळांत केबलवरून १० मेगाहर्ट्झ वर जातो, अँटेनातच सिग्नल उतरवला जातो आणि खाली ३५.४ मेगाहर्ट्झ येतो, सोबत १५ व्होल्टची वीज. डोकं चालवलंय त्यांनी, एवढ्या कमी फ्रिक्वेन्सीला स्वस्तातली आरजी-५८ केबल सुद्धा ३०० मीटर चालते. पण त्या डब्याला साधी अँटेना लावा, शंभर वर्षं बसा, एक उपग्रह दिसणार नाही. म्हणून माझ्या १२ व्होल्टवाल्या डब्याच्या सॉकेटवर आधी डीसी ब्लॉक (डीसी अडवून फक्त सिग्नल सोडणारा) लावून मग फ्रिक्वेन्सी काउंटर लावला, वर काही फ्रिक्वेन्सी जाते का बघायला. काही नव्हतं, म्हणजे साधा एल-१ वाला, जीव भांड्यात पडला. (डीसी ब्लॉकशिवाय काउंटर लावू नका, १२ व्होल्ट थेट त्याच्या तोंडात जातील.)

त्या डब्यासाठी मग छोटी डबी बनवली. डब्याकडून येणारे १२ व्होल्ट ७८०५ रेग्युलेटरला, तिथून ५ व्होल्ट अँटेनाला, आणि सिग्नल कपॅसिटरमधून सरळ. लावलं तर उपग्रह सहा दिसतायत आणि तरी अँटेना ओपनचा लाल दिवा जळतोय! अर्धी रात्र सोल्डरिंग तपासत बसलो. शेवटी लक्षात आलं की डबा करंट मोजतो. जुन्या अँटेना दमदार खायच्या, २५-३० मिलिॲम्पियर सहज. माझी नवी अँटेना ९ घेते, ७८०५ स्वतः ५ च्या आसपास, एकूण १४, डब्याला वाटतं वर कोणी नाहीच. १२ व्होल्टच्या बाजूला १ किलोओहमचा रेझिस्टर जमिनीला टाकला, अजून १२ मिलिॲम्पियर वाढले, दिवा हिरवा. एका रेझिस्टरचा प्रश्न होता हो.

आता थंडरबोल्टकडे. त्याला १२, उणे १२ आणि ५ अशा तीन व्होल्टेज लागतात, तेवढी कटकट आहे. अँटेनाचं सॉकेट एफ टाइपचं, ७५ ओहम, म्हणजे डिश टीव्हीची आरजी-६ सरळ बसते. लोक ५० आणि ७५ वरून फार डोकं खातात. ५० ची अँटेना ७५ च्या केबलवर लावली तर सिग्नलचा चार टक्के भाग परत फिरतो, म्हणजे पाव डीबीसुद्धा नाही. केबलची लांबी आणि जात यात खरा फरक पडतो, आरजी-५८ या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे पाऊण डीबीच्या आसपास खाते, आरजी-६ पाव डीबीच्या जरा वर. माझी २५ मीटर आहे, तर साडेसहा-सात डीबी गेले. आरजी-५८ असती तर अठरा-एकोणीस गेले असते.

पहिली अँटेना दुसरी टिकली (हो, परत घेतली). गच्चीवर नुसती ठेवली तर काम चालू-बंद, कारण तिला खाली धातूचा पत्रा लागतो. आईच्या शेवेच्या डब्याचं झाकण उचललं, त्यावर चिकटवली आणि एकदम सिग्नल वर आले. झाकण अजून परत दिलेलं नाही आणि रोज त्यावरून बोलणी खातोय. पण टिकली चपटी, कबुतर येऊन वर बसतं, नंतर जे करतं ते लिहीत नाही.

दुसरी ऑनलाइन मागवली, ४० डीबी गेनवाली. टेबलावर तीन मीटरच्या केबलने खिडकीत ठेवून बघितली आणि टिकलीपेक्षा वाईट! जुने डबे लांब केबल गृहीत धरून बनवलेले, एवढा माल एकदम तोंडावर आला की पुढचा भाग गुदमरतो. मी महाराणी रोडवरून टीव्हीचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) आणला, दुकानातला भिया म्हणाला चालेल, लावला तर अँटेनाच बंद, कारण त्यातून डीसी जातच नाही. मग सरळ वीस मीटर आरजी-६ चं वेटोळं मधे टाकलं. उत्तम अटेन्युएटर आहे, डीसीही जातो.

तिसरी म्हणजे जुनी बुलेटसारखी शंकूवाली, ५ व्होल्टची, फेब्रुवारीत मिळाली आणि तीच आज वर आहे. शंकूवर कबुतर बसत नाही, पाणी थांबत नाही. जागा निवडताना एक गोष्ट कळली, आमच्या उत्तरेला शेजाऱ्यांचा तिसरा मजला आहे त्याची मी फार चिंता केली होती, पण जीपीएसच्या कक्षा ५५ अंशांनी कललेल्या, त्यामुळे इंदूरहून सरळ उत्तरेला जवळजवळ ४५ अंशांपर्यंत आकाश तसंही रिकामंच असतं. दक्षिण मोकळी हवी, ती आहे. अँटेनाची नेमकी जागा ठरवणारा २००० मोजण्यांचा सर्व्हे अर्ध्या तासात पुरा झाला, नंतर लेडी हेदर सॉफ्टवेअरने ४८ तासांचा केला. केबलचा उशीर मीटरमागे ४ नॅनोसेकंद धरून १०० टाकला, नुसता १० मेगाहर्ट्झ हवा असेल तर तोही नाही टाकला तरी चालतं. तारखेचं मात्र बघू नका. जीपीएसचा आठवडा १०२४ वर पुन्हा शून्य होतो आणि थंडरबोल्टचा हिशोब ३० जुलै २०१७ ला फिरला, तेव्हापासून तो १९ वर्षांहून जास्त मागची तारीख सांगतो. लेडी हेदर ती दुरुस्त करून दाखवतं.

मार्चमध्ये खरी फजिती झाली. रंगपंचमीच्या गेरवरून (मिरवणुकीवरून) घरी आलो, अंगावर अजून रंग, स्क्रीनवर बघतो तर रात्री आठनंतर सिग्नल नाचतायत, ४५ चे ३० होतात, एखादा उपग्रह पार गायब, दहा-साडेदहाला सगळं शांत. दुसऱ्या दिवशी तेच. मी कनेक्टर बदलले, मग अख्खी केबल बदलली, अँटेना उतरवून टिकली लावली. तीही नाचतेय! दोन वेगळ्या अँटेना, दोन वेगळ्या केबल, वेळ तीच, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आयनोस्फिअरचा जो दाट पट्टा असतो त्याच्या उत्तरेकडच्या माथ्याजवळ आपलं इंदूर आहे, आणि सूर्य जोरात असलेल्या वर्षांत मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास सूर्यास्तानंतर हा खेळ चालतो. यावर अँटेना बदलून उपाय नाही. आतला ओव्हनवाला क्रिस्टल तेवढा वेळ सांभाळून घेतो, क्यूओ-१०० वर मला काहीच फरक ऐकू आला नाही.

जूनच्या पहिल्या पावसात मात्र अँटेनाचंच होतं. सिग्नल रोज थोडे थोडे खाली, आठवडाभरात दहा डीबी. वर जाऊन एफ कनेक्टर उघडला तर आत हिरवं झालेलं आणि केबलची जाळी बोटभर काळी पडलेली. टेप मी वरून खाली गुंडाळला होता, त्यामुळे प्रत्येक थराच्या फटीत पाणी जायला छान वाट. आता एक हात केबल कापून नवीन कनेक्टर, रबर टेप खालून वर, आणि खाली केबलला पाणी गळायला एक झोल सोडलाय.

घ्यायचा का? थंडरबोल्ट जरूर घ्या, ५ व्होल्टच्या अँटेना आजही मिळतात. बिननावाचा रॅकवाला डबा स्वस्त मिळतोय म्हणून घेणार असाल तर सोबत मीटर घेऊन जा, विकणाऱ्याच्या टेबलावरच सॉकेट मोजा, तो हसला तरी. मॅन्युअल मिळालं नाही आणि वर फ्रिक्वेन्सी जाताना दिसली तर तिथेच ठेवून या, त्याची अँटेना मिळणं म्हणजे दुसरा डबा शोधण्यासारखंच.

माझा रॅकवाला सध्या टिकलीवर चालू आहे, शेवेच्या झाकणासकट.