पाण्याच्या हिशेबावर उभे राहिलेले जग : फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’

अराकिस या वाळवंटी ग्रहाचा कारभार हाती घेण्यास नव्याने आलेल्या ड्यूक लेटोच्या भेटीस तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, म्हणजे फ्रेमेनांपैकी, एका टोळीचा प्रमुख स्टिलगार येतो आणि समोरच्या टेबलावर थुंकतो. ड्यूकची माणसे चवताळतात. परंतु फ्रेमेनांना ओळखून असलेला डंकन आयडाहो त्यांना थोपवतो, अंगातील ओलावा भेट दिल्याबद्दल पाहुण्याचे आभार मानतो आणि स्वतःही त्याच टेबलावर थुंकतो. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ड्यून’ या कादंबरीने मला धरून ठेवले ते या प्रसंगापासून.

कथा वीस हजारांहून अधिक वर्षे पुढची आहे, तरीही तीत यंत्रांची आरास नाही. विचार करणाऱ्या यंत्रांवर त्या जगात बंदीच आहे. त्यामुळे वाचकाला परग्रहावर रुळवण्याचे सारे काम वाळूने आणि पाण्याच्या टंचाईने केले आहे. राजवाड्यासमोर खजुराची वीस झाडे आहेत. एका झाडाला दिवसाला ४० लिटर पाणी लागते, माणसाला ८. म्हणजे ती वीस झाडे शंभर माणसांचे पाणी पितात, आणि रस्त्याने जाणारे लोक त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहत असतील ते निराळे सांगावे लागत नाही. मेजवानीला येणाऱ्यांनी हात धुताना मुद्दाम पाणी सांडायचे, टॉवेल त्याच थारोळ्यात टाकायचा आणि नंतर त्या टॉवेलांचे पिळलेले पाणी दाराशी जमलेल्या भिकाऱ्यांना मिळायचे, ही तिथली जुनी चाल. टँकरच्या रांगेत हंडा लावून उभे राहिलेल्या मराठी वाचकाला हे पान अंगावर आल्याशिवाय राहणार नाही.

हे वाळवंट निव्वळ कल्पनेतून आलेले नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या किनाऱ्यावर, फ्लॉरेन्स गावाजवळ, सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या गवत लावून थोपवण्याचे काम चालू होते. ते पाहून त्यावर लेख लिहिण्यासाठी हर्बर्ट १९५७ साली गेले होते. तो लेख छापून आला नाही, पण त्या अभ्यासाची खोली कादंबरीभर जाणवते. घाम आणि श्वासातील वाफ गाळून पुन्हा पिण्याजोगी करणारा स्टिलसूट असो, की महाकाय वाळूकिड्यांना चाहूल लागू नये म्हणून मुद्दाम बेताल टाकलेली पावले असोत, प्रत्येक गोष्टीमागे कारण आहे.

दोष मात्र ठळक आहेत. सुरुवातीची पाने अनोळखी संज्ञांनी इतकी भरलेली आहेत की शब्दार्थसूचीसाठी सारखे शेवटाकडे जावे लागते. बॅरन हार्कोनेन हा खलनायक तर इतका ढोबळ आहे की अशा सूक्ष्म जगात तो उपराच वाटतो.

तरीही कंटाळून पुस्तक मिटू पाहणाऱ्याने जेमिसच्या अंत्यविधीपर्यंत तरी थांबावे. द्वंद्वात मेलेल्या या माणसाच्या देहातून टोळी पाणी काढून घेते, मोजते आणि ते ३३ लिटरांहून किंचित अधिक पाणी त्याला मारणाऱ्या पॉलच्या, म्हणजे ड्यूक लेटोच्या मुलाच्या, नावे करते. बोलता बोलता पॉलच्या डोळ्यांतून अश्रू ओघळतात, तेव्हा गुहेत कुजबुज उठते आणि हा मुलगा मृताला पाणी देतो आहे यावर विश्वास न बसून कोणी तरी त्याच्या ओल्या गालाला बोट लावून पाहते.