बेळगावातील प्रौढांचा नमाज-कुरआन वर्ग: तीन वर्षांनंतरचे मत

बेळगाव शहरातील एका मशिदीत मगरिब (सूर्यास्तानंतरची) आणि इशा (रात्रीची) या नमाजांच्या मधल्या वेळेत प्रौढांसाठी एक वर्ग चालतो. 2022 च्या रमजान ईदनंतर मी त्यात नाव घातले आणि चार महिन्यांचा तो वर्ग पुरा केला. लिहायला तीन वर्षे थांबलो ते जाणूनबुजून, कारण नुकतीच दारू सोडलेल्या माणसाला सगळेच चांगले दिसते आणि त्याच्या शब्दावर कोणी विसंबू नये. मशिदीचे नाव येथे देत नाही. तेथे येणारे बरेचसे लोक घरीही न सांगता येतात आणि त्यांची ओळख कोणी काढावी असे मला वाटत नाही. आपल्या मोहल्ल्यातील इमामांना विचारले की पत्ता मिळतो.

मी मूळचा खानापूर तालुक्यातील, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. घरात दखनी, बाजारात मराठी आणि कचेरीत कन्नड अशी आमच्याकडील बहुतेकांची रीत असली, तरी मनातला हिशेब मी मराठीतच करतो. उर्दू मला वाचता येत नाही. बेळगावच्या भाजी बाजारात एका अडत पेढीवर मी मापाडी होतो आणि 2004 पासून दारू पीत होतो. त्या काळी पाकिटातली सारायी मिळे. ती कर्नाटक सरकारने 2007 च्या जुलैपासून बंद केली, तेव्हा घरच्यांना आशा वाटली होती, पण मी आठवड्याभरात दुसरी सोय शोधली. दारूबरोबर मटका आला, आणि मटक्याबरोबर काट्यात मारणे, म्हणजे वजनात चोरणे, आले, ज्याविषयी पुढे लिहिणार आहे.

नमाज मी दारूच्या आधीपासून सोडली नव्हती. दारूमुळे सोडली, आणि तीही एका अर्धवट ऐकलेल्या गोष्टीमुळे. दारू पिणाऱ्याची नमाज 40 दिवस कबूल होत नाही, हे मी तरुणपणी कोणाकडून तरी ऐकले होते. कबूलच होणार नसेल तर उठबस कशाला करायची, असा अर्थ मी काढला आणि अठरा वर्षे त्या अर्थाच्या आडोशाला राहिलो. वर्गाच्या पहिल्याच आठवड्यात आम्हाला शिकवणाऱ्या हाफिजसाबांनी (कुरआन तोंडपाठ असलेल्याला हाफिज म्हणतात) ही हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, स्वतःहून काढली, कारण त्यांच्या अनुभवाप्रमाणे दर तुकडीत तीन-चार माणसे याच अर्थाने अडकलेली असतात. त्यांनी सांगितले की त्या हदीसमध्ये नमाजेच्या सवाबाची, म्हणजे पुण्याची, गोष्ट आहे, फर्ज (सक्तीचे कर्तव्य) माफ झाल्याची नाही. शुद्धीवर आल्यावर नमाज अदा करावीच लागते, न केल्यास दारूच्या गुन्ह्यावर नमाज सोडल्याचा दुसरा गुन्हा चढतो. आणि त्याच हदीसमध्ये पुढे असेही आहे की त्याने तौबा केली, म्हणजे पश्चात्ताप करून पापापासून परतला, तर अल्लाह ती कबूल करतो. हे पुढचे वाक्य मला अठरा वर्षांत कोणी ऐकवले नव्हते. या वर्गाबद्दल मला दुसरे काही लिहिता आले नसते, तरी एवढ्यासाठी मी लिहिले असते.

वर्ग सोमवार ते गुरुवार असतो आणि साधारण तासभर चालतो. फी नाही, कायदा (अरबी अक्षरओळखीचे पुस्तक) आणि वही यांचे 120 रुपये घेतले, तेही एका हमालाकडून घेतले नाहीत. आमच्या तुकडीत वीस जण होते. त्यांत रिक्षावाले, एक निवृत्त शिपाई, निपाणीकडून कामासाठी आलेले दोन विडी कामगार आणि माझ्यासारखे बाजारातले होते. हाफिजसाब माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असतील. ते सर्वांना ‘चाचा’ म्हणत आणि शिकवताना स्वतः जमिनीवर आमच्या रांगेत बसत. मराठी त्यांची खानापूरकडची, अधूनमधून दखनी मिसळलेली. दोघा कन्नड बोलणाऱ्यांसाठी तीच गोष्ट ते पुन्हा कन्नडमधून सांगत, त्यामुळे वेळ जाई, पण कोणी कुरकुर केल्याचे आठवत नाही.

शिकवण्याची पद्धत कडक आहे आणि ती तशीच राहावी असे माझे मत आहे. आमच्यापैकी बहुतेकांनी लहानपणी सूरती, म्हणजे कुरआनाचे अध्याय, देवनागरीत लिहून पाठ केल्या होत्या. हाफिजसाबांनी पहिल्या दिवशीच त्या वह्या बंद करायला लावल्या. अरबीतील सीन, साद आणि से ही तीन वेगळी अक्षरे देवनागरीत एकाच ‘स’मध्ये जातात, जाल, जे, जाद आणि जो या चारांना मिळून एकच ‘ज’ उरतो, मोठी हे आणि छोटी हे यांचा तर फरकच पुसला जातो, आणि अक्षर बदलले की शब्दाचा अर्थही बदलू शकतो. म्हणून पहिला सगळा महिना अक्षरे आणि त्यांच्या जागा, म्हणजे कोणते अक्षर कंठातून, कोणते जिभेच्या कडेवरून आणि कोणते ओठांतून निघते, एवढेच शिकवले जाते. सेहेचाळिसाव्या वर्षी ‘जाद’ उच्चारताना जीभ कोठे टेकवायची हे शिकणे सोपे नव्हते. देवनागरीतील कागद मिळतो तो फक्त अर्थासाठी. फातिहाचा, म्हणजे प्रत्येक नमाजेत म्हणायच्या कुरआनाच्या पहिल्या सूरतीचा, अर्थ मराठीत समोर ठेवून मी नमाज पढलो, तेव्हा दिवसातून कितीतरी वेळा आपण सरळ मार्ग मागतो हे मला प्रथमच कळले. मात्र हा कागद घाईने टाइप केलेला आहे, त्यात शुद्धलेखनाच्या चुका आहेत आणि दोन ठिकाणी ओळच गळली आहे. कुरआनाचे मराठी अनुवाद छापलेले मिळतात, तेव्हा ही उणीव राहण्याचे कारण दिसत नाही.

सुटलेल्या नमाजांचा हिशेब ही वर्गाची दुसरी मोठी बाब आहे. दिवसाच्या पाच नमाजांत मिळून 17 रकात (नमाजेची आवर्तने) फर्ज आहेत, आणि हनफी मताप्रमाणे इशानंतरच्या वित्र नमाजेच्या तीन वाजिब (फर्जच्या खालोखाल सक्तीच्या) धरल्या तर कजा, म्हणजे सुटलेली नमाज नंतर फेडणे, दिवसाला 20 रकात होते. माझी अठरा वर्षे म्हणजे सव्वा लाखाहून अधिक रकात. हा आकडा वहीत लिहिला तेव्हा मी उठून जाणार होतो. हाफिजसाबांनी तो आकडा लहान करून सांगितला नाही, त्यांनी फक्त वाट दाखवली: रोजच्या प्रत्येक नमाजेबरोबर त्याच वेळेच्या दोन कजा पढल्या तर अठरा वर्षांची बाकी नऊ वर्षांत फिटते, आणि मध्येच मृत्यू आला तर फेडण्याच्या वाटेवर असल्याची नियत अल्लाहला ठाऊक आहे. तीन वर्षांत माझी सहा वर्षांची बाकी फिटली आहे. जाणूनबुजून सोडलेल्या नमाजेला कजा नाही, केवळ तौबा आणि नफ्ल (ऐच्छिक नमाजा) आहेत, असे मानणारेही काही विद्वान आहेत. त्यांचे मतही हाफिजसाबांनी आदराने सांगितले, पण चारही प्रसिद्ध मजहबांचे (धर्मशास्त्राच्या परंपरांचे) मत कजा करावी असे असल्याने वर्गात तेच शिकवतात.

आता काट्याची गोष्ट. तौबेच्या अटी बहुतेकांनी तीन ऐकलेल्या असतात: पाप थांबवणे, झाल्याचा पश्चात्ताप होणे आणि पुन्हा न करण्याचा पक्का इरादा. चौथी अट माणसांच्या हक्काची, हुकूकुल इबादची आहे. कोणाचे काही घेतले असेल तर ते परत करावे लागते, नाहीतर त्याच्याकडून माफ करून घ्यावे लागते. नमाज, रोजा आणि अश्रू यांनी तो हक्क फिटत नाही. या अटीला या वर्गात चार संध्याकाळी दिल्या जातात आणि सूरह मुतफ्फिफीनच्या सुरुवातीच्या आयती वाचल्या जातात, ज्यांत घेताना माप भरून घेणाऱ्यांचा आणि देताना कमी देणाऱ्यांचा धिक्कार आहे. आमच्या भागातील रताळी दिल्लीपर्यंत जातात, आणि हंगामात पश्चिम भागातून, बेळगुंदी आणि उचगावच्या बाजूने, पोत्यांच्या गाड्या येतात. पोत्यामागे ठरलेला कडता, म्हणजे वजनातून कापायची घट, असतो. त्याहून वर एक किलो मी काट्यात मारत असे. तो माल बाजूला विकून येणाऱ्या पैशात माझा वाटा होता, आणि माझी संध्याकाळची बाटली त्यातून येई. मी कधी कोणाच्या खिशात हात घातला नाही असे मी स्वतःला सांगत असे. त्या चार संध्याकाळी ते सांगणे थांबले.

या विषयात वर्ग जेवढा बारीक जातो तेवढा मी इतरत्र कोठे पाहिला नाही. नेमकी रक्कम आठवत नसेल तर मनाला जी जास्तीत जास्त खरी वाटेल ती धरावी. ज्याचे देणे आहे तो वारला असेल तर वारसांना द्यावी. पुष्कळ शोधूनही तो सापडला नाही तर त्याच्या नावाने गरिबांना द्यावी, आणि पुढे तो भेटला व त्याने मागितली तर पुन्हा भरावी. तुकडीतील एकाने विचारले की समोरचा शेतकरी मुसलमान नसेल तर काय. हाफिजसाब म्हणाले, “चाचा, काट्यावर पोते ठेवताना तुम्ही जात विचारली होती का?” माझ्या यादीत 41 नावे होती आणि त्यांतील बहुतेक मराठा आणि लिंगायत शेतकऱ्यांची होती. पेढीची नोकरी मी सोडली, छोटा हत्ती (मालवाहू टेम्पो) भाड्याने चालवू लागलो आणि महिन्याला तीन हजार रुपये या कामासाठी बाजूला ठेवू लागलो. आजवर 26 जणांचे फेडले किंवा त्यांनी माफ केले, चौघांच्या मुलांच्या हाती दिले, नऊ जणांचे गरिबांना दिले. दोघे अजून मला दारात उभे करत नाहीत, आणि तसे करण्याचा त्यांना हक्क आहे. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पैसे मोजून घेतले, त्यांतील पन्नास रुपये जास्त आहेत म्हणून परत केले आणि मग चहा ठेवायला सांगितला.

उणिवाही लिहायला हव्यात, कारण त्यांतील एक गंभीर आहे. आमच्या तुकडीत एक जण रोज सकाळपासून पिणारा होता. पहिल्या गुरुवारचे बयान (प्रवचन) ऐकून त्याने त्याच रात्री दारू एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले आणि रात्री त्याला झटके आले. दवाखान्यात वेळेवर नेल्याने तो वाचला. बरीच वर्षे भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय अचानक थांबणे जिवावर बेतू शकते, हे त्या दिवसापर्यंत वर्गात कोणी सांगितले नव्हते. आता नाव घेताना विचारतात आणि गरज असेल त्याला धारवाडच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत किंवा येथील दवाखान्यात पाठवतात, पण हे विचारणे अजूनही विचारणाऱ्याच्या लक्षात राहण्यावर आहे. ते लेखी आणि सक्तीचे असले पाहिजे. व्यसनमुक्तीचा सरकारी मदत क्रमांक 14446 भिंतीवर लावायला एक कागद पुरे आहे, आणि मी तो दोनदा सुचवला आहे. औषध घेणे हे इमान (श्रद्धा) कमी असल्याचे लक्षण आहे असे हाफिजसाब मानत नाहीत, हे मात्र स्पष्ट लिहितो.

स्त्रियांसाठी फक्त रविवारी सकाळी एक तास आहे, आणि त्यात नमाज शिकवतात, एवढेच. ज्या घरात माझ्यासारखा माणूस अठरा वर्षे होता त्या घरातील बाईला बोलायला तेथे जागा नाही. माझ्या पत्नीचे देणे यादीत सर्वांत मोठे आहे आणि ते रुपयांत मोजता येत नाही. तिच्याशी कसे बोलावे हेही वर्गात शिकवले गेले असते तर बरे झाले असते.

तंबाखूविषयी वर्ग सौम्य आहे. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये ही हदीस सांगतात आणि चूळ भरून यायला सांगतात. निपाणीच्या त्या दोघांना कोणी कमी लेखले नाही.

दुसऱ्या महिन्यात मी एकदा घसरलो. दोन दिवस गेलो नाही, तिसऱ्या दिवशी मागच्या रांगेत बसलो. हाफिजसाबांनी कारण विचारले नाही. वर्ग सुटल्यावर म्हणाले, “चाचा, पहिली तौबा खऱ्या मनाने केली असेल तर ती वाया गेली नाही, आता नवी करा, आणि दोन दिवसांच्या नमाजा वहीत मांडा.” मी मांडल्या. त्यानंतर घसरलो नाही, पण त्या संध्याकाळी मला हजेरी विचारली गेली असती तर मी परत गेलो नसतो हे मला पक्के माहीत आहे.

नवी तुकडी दर ईदनंतर आणि पुन्हा पावसाळ्यानंतर सुरू होते. जाणाऱ्याने वही न्यावी आणि मगरिबच्या थोडे आधी पोहोचावे. वजू, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड-पाय धुण्याची रीत, आता नीट येत नाही म्हणून मी दोन महिने फाटकावरून परत फिरत होतो. तो घरून करून यावा लागत नाही, हौदावर बसवून पहिल्याच संध्याकाळी शिकवतात.