अॅम्बेसेडरचा डिस्ट्रिब्युटर: पूर्ण उघडून बसवल्यानंतर तीन ऋतूंचा अनुभव

गाडी जुनी, १४८९ सीसीची अॅम्बेसेडर. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला वेळेवर स्पार्क वाटणारा भाग, लुकास पद्धतीचा; सीबी पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि व्हॅक्यूम अॅडव्हान्सवाला (इंजिनच्या ओढीने स्पार्क आधी पाडणारा). गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तो सगळा उघडला. शाफ्टचा बुश नवा घातला, आतल्या वायरी बदलल्या आणि पॉइंटची पद्धत मात्र तशीच ठेवली. पॉइंटऐवजी बसणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्युल मुद्दाम टाकलं नाही. पावसाळा, थंडी आणि आताचा उन्हाळा असं सगळं त्यावर काढल्यावर माझं मत पक्कं झालंय: बहुतेक गाड्यांत दोष पॉइंटचा नसतो, पॉइंट ज्या प्लेटवर आणि ज्या शाफ्टभोवती बसलेत त्यांचा असतो.

आधी गाडी काय करत होती ते सांगतो. साठच्या आसपास, अॅक्सिलरेटर अर्धवट दाबलेला असला की धक्के खायची. खंबाटकी घाट पूर्ण पाय दाबून मस्त चढायची आणि घाट संपून सुरूरकडच्या सपाट रस्त्याला लागली की मिस मारायची. आयडलिंग एकदम स्वच्छ. गॅरेजमध्ये प्रत्येकाने कार्बोरेटरवरच बोट ठेवलं. तो साफ झाला, जेट बदलले, पेट्रोल पंपही उघडून झाला. फरक शून्य.

खरं तर हे लक्षणच पत्ता सांगत होतं. व्हॅक्यूमची नळी कार्बोरेटरला अशा जागी जोडलेली असते की आयडलिंगला तिथे ओढ जवळजवळ नसते आणि पूर्ण पाय दाबला की ती पडते. अर्धवट थ्रॉटललाच नळीच्या दुसऱ्या टोकाचा डायफ्राम (लवचीक पडदा) जोरात ओढतो आणि पॉइंटची प्लेट फिरते. म्हणजे प्लेट हलली की गाडी बिघडते. त्या प्लेटला दोन वायरी असतात. एक विणलेली बारीक अर्थिंगची, प्लेटपासून डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीपर्यंत. दुसरी बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत. प्लेट हलेल तशा दोन्ही वाकतात. वर्षानुवर्षं वाकून आतले धागे तुटतात, पण वरचं आवरण धड राहतं, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन हाताने फिरवून पॉइंट मिटलेल्या जागी आणायचं, इग्निशन ऑन करायचं. मीटरची एक पिन डिस्ट्रिब्युटरच्या टर्मिनलला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला. ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर ठीक. मग व्हॅक्यूमची नळी कार्बोरेटरकडून काढून तोंडाने ओढायची. माझ्याकडे ओढल्याबरोबर आकडा नाचायला लागला, मध्येच १२ पर्यंत उडायचा आणि परत खाली यायचा. अर्थिंगची वायर चिमट्याने हळूच ताणली तर ती आवरणातून निघूनच आली, आतून काळी-हिरवी झालेली. पाहणी पटकन उरका. पॉइंट मिटलेले ठेवून इग्निशन बराच वेळ चालू राहिलं तर कॉइल तापते. त्याच ओढण्यात डायफ्रामही कळतो. ओढून नळीच्या तोंडावर जीभ ठेवायची. प्लेट जागची सरकली नाही पाहिजे. परत आली तर डायफ्राम फुटलाय.

नवी वायर अगदी मऊ, भरपूर बारीक धाग्यांची हवी. वायरिंगच्या दुकानातली नेहमीची वायर तिथे टाकली तर ती कडकपणामुळे पुन्हा तुटते, शिवाय प्लेटची हालचालही अडवते.

बुशचं काम लेथवाल्याकडे करून घेतलं. रोटर (शाफ्टवर फिरून स्पार्क वाटणारा तुकडा) काढून शाफ्ट आडवा हलवून पाहिला तर हाताला प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवत होता. शाफ्ट डुगडुगला की पॉइंटची गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळी पडते आणि टायमिंग लाइटखाली (स्पार्कबरोबर चमकणारा दिवा) पुलीवरची खूण एका जागी न थांबता पसरलेली दिसते. ब्राँझचा बुश सच्छिद्र असतो, तो बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये पूर्ण बुडवून दिवसभर ठेवायचा, हे लेथवाल्याला आवर्जून सांगा. खाली वेग वाढेल तसा स्पार्क आधी पाडणारी अॅडव्हान्सची वजनं आणि स्प्रिंगाही बघा. रोटर हाताने त्याच्या फिरण्याच्या दिशेने पिळून सोडला की चटकन मागे यायला हवा. आळसावला तर आत जुनं ग्रीस घट्ट झालंय.

यानंतर मला फार काही करावं लागलेलं नाही. गॅप ०.३६ ते ०.४० मिमी, ड्वेल (शाफ्ट फिरताना पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) ६० अंशांच्या जवळपास. नव्या पॉइंटची फायबरची टाच सुरुवातीला लवकर झिजते, म्हणून पहिल्या काही शे किलोमीटरनंतर गॅप पुन्हा बघितली. गॅप कमी झाली की टायमिंग, म्हणजे स्पार्कची वेळ, मागे पडतं, आणि इथेच पुष्कळ जण चुकतात: गॅप लावतात आणि टायमिंग तपासत नाहीत. गॅप आधी, टायमिंग नंतर, आणि टायमिंग बघताना व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद. बारीक सुधारणेसाठी माझ्या डिस्ट्रिब्युटरला खाचांची चकती आहे. तिच्या ११ टिकटिक म्हणजे १ अंश. किंचित नॉकिंग होतंय असं वाटलं तर बोटाने थोडी मागे फिरवता येते, पाना लागत नाही. अशी सोय केलेली बघून मला आजही कौतुक वाटतं.

तेल बेताने. रोटरखालच्या स्क्रूवर दोन थेंब, पॉइंट उघडणाऱ्या कॅमला ग्रीसचा पुसट हात, पॉइंटच्या पिव्हटला एक थेंब. पॉइंटच्या तोंडावर तेल गेलं तर ते जळून काळं होतं.

पावसाळ्यात एकदाच त्रास झाला, तोही डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या आत दमट झाल्यामुळे. कोरड्या कापडाने पुसल्यावर गाडी चालू. पण कॅपमधल्या प्लगच्या वायरींच्या दोन खांबांमध्ये पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर पुसत बसू नका, कॅप बदला. त्या रेघेतून स्पार्क पळतो.

सुट्या भागांच्या दर्जाबद्दल मात्र तक्रार आहे. नवा आणलेला एक रोटर सुरुवातीपासून गळका निघाला. पितळी पट्टीतून करंट खाली शाफ्टला जात होता. कॉइलची एचटी (हाय टेन्शन, स्पार्क नेणारी) वायर पट्टीच्या जवळ धरून, इन्सुलेशन असलेल्या पकडीनेच, पॉइंट उघडझाप केले आणि स्पार्क पट्टीकडे उडी मारताना दिसला. चांगल्या रोटरवर असा जोरदार स्पार्क पडत नाही. पॉइंटला जोडलेल्या, त्यांना जळण्यापासून वाचवणाऱ्या कंडेन्सरचंही असंच. पॉइंट लवकर जळत असतील, तोंडावर खड्डा आणि समोर टेंगूळ दिसत असेल तर तो बदलून बघा.

मॉड्युलला माझा विरोध नाही. मित्राच्या अॅम्बेसेडरमध्ये चुंबकाच्या रिंगचं आहे, पहाटे एका सेल्फमध्ये लागते आणि गॅपची कटकट नाही. रोज गाडी काढणाऱ्याने जरूर बसवावं. मात्र एचटी वायरी रेझिस्टन्सवाल्या लागतात, कॉइलचा ओहम कंपनीने सांगितलाय तेवढाच ठेवायचा आणि बॅटरीचे टोक उलटे लागले तर मॉड्युल जागेवर संपतं. त्याच्याकडे अॅडव्हान्सची वजनं चिकटलेली होती, ती मॉड्युल बसवूनही तशीच होती आणि पिकअप मार खातच होता. वजनं मोकळी केल्यावर फरक पडला. तुम्ही बसवणार असाल तर जुनी पॉइंटची प्लेट, कंडेन्सर, एक रोटर आणि फिलर गेज डिकीत ठेवा. प्लेटवर पॉइंट आधीच लावून ठेवलेले असतील तर अदलाबदल रस्त्याच्या कडेलाही होते.